गोवंडीहून मुलुंडला, गोराईमार्गे

रत्नागिरीत वाढलेल्या मुलीला मंडाले हे गाव शाळेतच भेटतं. टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढावी लागली, तिथं त्यांनी गीतारहस्य लिहिलं, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. या गोष्टीची दुसरी बाजू शाळेबाहेर भेटते. भाट्याची खाडी खाली पसरलेली दिसते अशा उंचवट्यावर आमच्याकडे थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथंच वारला. टिळकांचा तुरुंग होता तो मंडालेचा किल्ला म्हणजे याच थिबाची राजधानी. रत्नागिरीत जन्मलेला माणूस त्याच्या किल्ल्यात कैदी होता, तेव्हा तो राजा रत्नागिरीत कैदी होता. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी, टूटू, रत्नागिरीतच संसार करून राहिली आणि मराठीच बोलायची.

म्हणून देवनारच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर मंडालेची मुलगी आली, तेव्हा आम्हाला ओळख करून घ्यायला वेळ लागला नाही. मी तिला टिळक सांगितले, तिनं मला थिबा सांगितला. रत्नागिरी हे नाव तिनं आजीकडून ऐकलेलं होतं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिच्या देशात कुणाचं नाव कुठं छापून यावं याचा विचार घरच्यांना करावा लागतो.

आम्ही दोघी लोकसंख्येच्या अभ्यासासाठी इथं आलो. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस ही देवनारची संस्था १९५६ साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि टाटांचा एक न्यास यांनी मिळून सुरू केली ती आशिया-पॅसिफिकमधल्या देशांना माणसं तयार करून मिळावीत म्हणून. त्यामुळे गोवंडी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेपाळी, श्रीलंकेची, आफ्रिकेतली मुलं दिसली तरी कुणी वळून बघत नाही. माझा विषय स्थलांतर. जनगणनेत प्रत्येकाला विचारतात, जन्म कुठला आणि याआधी मुक्काम कुठं होता? मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ मध्ये साडेत्र्याण्णव लाख माणसं मोजली गेली, आणि त्यातल्या किती घरांत या प्रश्नाला बाहेरगावचं उत्तर मिळालं असेल हे लोकलच्या एका डब्यात बसलं तरी कळतं. मात्र त्या प्रश्नावलीत एक गोष्ट कुणी विचारत नाही. तुम्ही आलात तेव्हा इथं तुमचं कोण होतं?

कोकणातून मुंबईला शिकायला येणारं पोर एकटं येत नाही. त्याच्या आधी तीन पिढ्या येऊन गेलेल्या असतात. माझी आत्या मुलुंडला, चुलतमामा बोरिवलीला, गावकीची खोली परळला. आजारी पडले तर कुणाकडे जायचं, गणपतीला गावी जाताना गाडीत जागा कोण धरणार, रविवारी माशाचं जेवण कुठं मिळणार, या सगळ्याची उत्तरं मी मुंबईत पाऊल ठेवण्याआधी ठरलेली होती. वसतिगृहात माझ्यासारख्याच चार बॅगा घेऊन आलेल्या या मुलीपाशी त्यातलं एकही नव्हतं. परदेश म्हणजे काय ते मला तिच्याकडे बघून समजत गेलं.

संक्रांत होऊन गेली होती. वसतिगृहाची मुदत उन्हाळ्यात संपणार होती, प्रबंध व्हायला अजून अवकाश होता, आणि तिला खोली हवी होती. शिवाय गोराईचा पॅगोडा बघायचा तिचा हट्ट जुना होता. म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही दोन्ही कामं काढून निघालो.

निघण्याआधी तिचं रोजचं एक काम असतं. वीतभर लाकडाचा तुकडा, सालीसकट. गोल दगडी सहाण, आमच्या देवघरातल्या सहाणेपेक्षा मोठी, कडेला पाणी साचायला खाच असलेली. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून ती साल गोलगोल घासते. पिवळट गंध उतरतं. ते बोटानं गालांवर चोपडते आणि वाळायच्या आत लहान ब्रशनं त्यावर रेघा ओढते, की गालावर पान उमटतं. हे तनाखा. ब्रह्मदेशात बायका, मुलं, कधी पुरुषही ते लावून कामाला जातात. उन्हानं त्वचा जळत नाही आणि गार वाटतं. वास चंदनाच्या जवळचा, पण जरा हिरवा.

हे गाल घेऊन लोकलच्या लेडीज डब्यात शिरलं की तिला एकटं राहता येत नाही. गोवंडी ते कुर्ला एवढ्याशा प्रवासात त्या दिवशीही समोरच्या बाईनं विचारलंच, “काय लावलंय? मुलतानी माती?” “झाडाची साल,” ती म्हणाली. एवढं मराठी तिला येतं. “पिंपल जातात का?” शेजारच्या मुलीनं कानातलं विकणारीला थांबवून घेतलं होतं, तीही वळली. कुर्ला येईपर्यंत चौघीजणी तिचा गाल निरखत होत्या आणि एकीनं तर बोट लावूनही पाहिलं. रत्नागिरीच्या एस.टी.त शेजारीण आधी “कुणाची गो तू?” असं विचारून तुमचं कूळ शोधते, मग बोलते. इथं कुळाशी कुणाला देणंघेणं नाही. गालाशी आहे, ड्रेसच्या कापडाशी आहे, डब्यात काय आणलंय त्याच्याशी आहे, आणि हे सगळं उतरण्याआधी विचारून व्हायला हवं.

पण याच डब्यानं तिला सुरुवातीला फार छळलं. तिच्याकडची रीत अशी, की वडीलधाऱ्यांच्या समोरून जाताना खांदे वाकवून जायचं. काही देताना उजव्या हातानं द्यायचं आणि डावा हात उजव्या कोपराला लावायचा. आणि आपल्यामुळे कुणाला अवघडायला होईल असं शक्यतो मागायचं नाही. लोकलमध्ये तर मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही. बसलेल्या बाईला “कुठं उतरणार?” असं विचारून तिची जागा आपल्या नावावर लावून घ्यायची असते. मग दुसरी कुणी आली की ती बाईच सांगते, “माझी सीट हिला दिलीय.” लेखी काही नाही, पण दिलेली सीट फिरत नाही. मंडालेची माझी मैत्रीण कित्येक आठवडे दाराशी उभी राहूनच प्रवास करायची, कारण बसलेल्या अनोळखी बाईला ‘तू कधी उठणार’ असं विचारणं तिला उद्धट वाटे. आता विचारते. विचारताना मात्र अजून खांदे वाकवते, आणि का कोण जाणे, तिला सीट माझ्याआधी मिळते.

घाटकोपरला उतरून फाफडा खाल्ला. कढईतून काढलेली बेसनाची लांब पट्टी, पपईचा संभारा, तळलेली मिरची. तिनं पहिला तुकडा मोडून नुसताच चावला आणि म्हणाली, “हरभरा.” तिच्याकडे शान लोक बेसनाचं टोफू करतात. ते घट्ट होण्याआधी, गरम असताना, तांदळाच्या शेवयांवर ओतून सकाळी खातात. वर्णन ऐकून मला ते आमचं पिठलंच वाटलं. हा पदार्थ आपल्याकडे भाकरीबरोबर मिळतो हे सांगितल्यावर तिनं वहीत लिहून घेतलं. ती असं सगळं वहीत लिहून घेते.

एजंट फाफड्याच्या दुकानाबाहेरच भेटला. सोसायटीत मासे चालणार नाहीत, हे तो बोलण्याआधीच आम्हाला ठाऊक होतं. ते मलाही लागू होतंच. पासपोर्ट बघितल्यावर त्यानं खोली दाखवायची तसदीही घेतली नाही. “बाहेरदेशची पार्टी मालकाला नको असते, मॅडम,” एवढं नरमाईनं सांगून तो दुसऱ्या फोनकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता. पण ती नरमाई मला आजही खुपते, कारण तिच्याशी भांडताही येत नाही.

घाटकोपरहून मेट्रो धरली की उपनगर आडवं दिसायला लागतं. मुंबईची सगळी घडण उभी, उत्तर-दक्षिण. लोकल तशी, हमरस्ते तसे. पूर्व आणि पश्चिम उपनगरांना रुळांनी जोडणारी ही पहिली आडवी रेघ २०१४ मध्ये आली. असल्फ्याला डोंगरउतारावर एकाला एक चिकटून चढलेली घरं आहेत, निळी, गुलाबी, पिवळी रंगवलेली. तिनं खिडकीला नाक लावलं. मंडाले सपाट आहे, फक्त एका बाजूला टेकडी, तिच्यावर देवळं. डोंगरावर राहतात ते भिक्षू, माणसं खाली. इथं माणसंच डोंगर चढून गेली आहेत, आणि पाणी त्यांच्यामागून चढवावं लागतं.

मरोळला उतरलो, कारण तिथल्या गावठाणात एका घरी माडीवरची खोली रिकामी असल्याचं कळलं होतं. अंधेरीच्या या बाजूला काचेच्या इमारती, हॉटेलं, विमानतळाचा आवाज. आणि मेन रोड सोडून आत वळलं की एकदम बुटकी कौलारू घरं, नाक्यावर फुलांची माळ घातलेला क्रूस, अंगणात वाळत टाकलेल्या गोधड्या. हे ईस्ट इंडियन लोक. पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले, पण इथलेच, मराठीच बोलणारे. साष्टी बेट मुंबई व्हायच्या आधीपासून इथं नांगर धरणारे. घरमालकीण सत्तरीच्या. त्यांनी आम्हाला आधी स्वयंपाकघरात नेलं, खोली नंतर. ओट्यावर गडद काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, तोंडापर्यंत विटकरी मसाल्यानं ठासून भरलेल्या. दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, वीसपंचवीस जिनसा भाजून, कुटून हा बाटलीतला मसाला वर्षाचा भरून ठेवतात. दाबून भरायचा, हवा राहता कामा नये; बाईंनी लाकडी दांड्यानं कसं ठासायचं ते करून दाखवलं. मैत्रिणीनं वास घेतला आणि डोळे मिटले. मग तिनं तिच्याकडच्या ङपीबद्दल सांगितलं: मासे किंवा कोलीम मिठात मुरवून केलेलं, ज्याच्याशिवाय तिकडं ताट पुरं होत नाही. बाई म्हणाल्या, “मग तू इकडची हायस की.”

खोली होती हवेशीर. जिना बाहेरून. भाडं परवडेल असं. पण संध्याकाळच्या आत बाईंच्या मुलाचा फोन आला. त्याला मुलीची अडचण नव्हती, कागदांची होती. परदेशी माणूस ठेवायचा म्हणजे पोलीस, ऑनलाइन फॉर्म, पुन्हा म्यानमारचा पासपोर्ट, उद्या काही विचारणा झाली तर धावपळ कुणी करायची? आईचं वय झालंय. त्याचं बोलणं मी कितीही उलटंसुलटं केलं तरी त्यात खोट काढता येत नव्हती. बाईंनी निघताना कागदात बांधून दिलेला मसाला तोवर आमच्या पिशवीत सगळीकडे दरवळत होता.

फोन आला तेव्हा आम्ही गोराईच्या खाडीवर होतो. बोरिवली पश्चिमेला वस्ती संपते तिथं तिवरांची रांग लागते, आणि होडीत पाय ठेवला की पलीकडे झाडांवरून सोन्याचा कळस वर येतो. आदल्या घटकेला रिक्षांचे हॉर्न आणि आता चिखलात पाय रोवून बसलेले बगळे. ती काही बोलली नाही. फोनवर काय झालं ते तिनं माझ्या तोंडावरूनच ओळखलं होतं, आणि तिची नजर कळसावरून हलत नव्हती.

हा ग्लोबल विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्याच्या धर्तीवर तो उभारला आहे. दगडात दगड अडकवत नेलेला घुमट, आत एकही खांब नाही, आणि एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. तो ज्यांच्यामुळे उभा राहिला ते सत्यनारायण गोएंका १९२४ साली मंडालेत, एका मारवाडी घरात जन्मले. विपश्यना ते रंगूनला, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. मंडालेत जन्मलेल्या माणसानं गुरूचे उपकार फेडण्यासाठी मुंबईच्या खाडीकाठी ब्रह्मी आकार उभा केला, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. तिच्या घरी ती शेजाऱ्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते.

फाटकापाशीच तिनं चपला काढून हातात घेतल्या. तिकडे पॅगोड्याच्या आवारात पाय टाकतानाच अनवाणी व्हायचं असतं. इथं चपलांची जागा बरीच पुढे आहे, असं पहारेकऱ्यानं सांगूनही तिनं ऐकलं नाही. तापलेल्या फरशीवरून तशीच चालत गेली. मग एका सावलीच्या कडेला बसून ती मला श्वेडगोन सांगत राहिली. तिथं लोक दर्शन घेऊन परत फिरत नाहीत. डबे उघडून जेवतात, म्हातारी माणसं आडवी होतात, मुलं अभ्यास करतात, प्रेमात पडलेली पोरं कोपऱ्यात बसतात. आठ दिशांना आठ वारांच्या जागा असतात, कारण बुधवारचे दोन भाग धरतात. आपण ज्या वारी जन्मलो त्या जागेवरच्या बुद्धमूर्तीवर पेल्यानं पाणी घालायचं. इथं वारांच्या त्या जागा तिला दिसल्या नाहीत. इथं शांतता होती, शिस्त होती, घुमटाखाली काचेपलीकडे डोळे मिटून बसलेली माणसं होती. ती थोडी हिरमुसली आणि थोडी सुखावली, दोन्ही एकदम. देवळाच्या सभामंडपात दुपारी पंचा पसरून झोपणारी माणसं मी रत्नागिरीत पाहिली आहेत आणि मला ती देवाच्या फार जवळची वाटतात, हे मी तिला सांगितलं.

रात्री मामाकडे मुक्काम. मामा मागाठाण्याला राहतात, आता घराच्या अगदी जवळ त्याच नावाचं मेट्रो स्टेशन झालंय. तिथून सकाळी कान्हेरी. नॅशनल पार्कच्या फाटकातून आत गेलं की बोरिवलीचा आवाज पहिल्या वळणावरच बंद होतो. कान्हेरीच्या पायऱ्यांशी आदिवासी बायका काकड्या, आवळे, करवंदांच्या दिवसांत करवंदं घेऊन बसतात. काकडी उभी चिरून मीठ-तिखट भरून देतात. ती हातात घेऊनच आम्ही चढलो.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं हा डोंगर कोरला जात होता. शंभरावर लेणी आहेत. पण त्यांतली भव्य लेणी सोडून वरच्या अंगाला गेलं की जे दिसतं ते देऊळ नाही, वसतिगृह आहे. एका माणसापुरती खोली. भिंतीला लागून दगडाचाच ओटा, निजण्यासाठी. दाराशी बसायला कट्टा आणि बाहेर पाण्याची पोढी; वरच्या कातळावर पन्हळी खोदून पावसाचं पाणी तिच्यात उतरवलेलं. अकराव्या लेण्यात जमिनीतून दोन लांब, बुटके ओटे सरळ रेषेत काढले आहेत, समोरासमोर पंगत बसावी तसे. ती त्या ओट्याच्या कडेला बसली, पाय दुमडून, आणि म्हणाली, मेस.

या खोल्या आणि पोढ्या कुणी दिल्या हे तिथंच भिंतीवर ब्राह्मीत कोरलेलं आहे. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा, चौलचा, नाशिकचा. सोनार, लोहार, भिक्षुणी, कुणाची आई, कुणाची सून. सातवाहनांच्या काळातल्या एका लेखात मंगलठाण गावातलं शेत भिक्षूंच्या वस्त्रांच्या खर्चासाठी कायमचं लावून दिल्याची नोंद आहे. ते मंगलठाण म्हणजे आजचं मागाठाणं. आदल्या रात्री आम्ही जिथं मामांकडे आमटी-भात जेवलो ती जमीन कधीकाळी दूरदेशीहून शिकायला आलेल्या कुणाच्या तरी अंगावर कपडा असावा म्हणून दिलेली होती. अभिलेखांचं पुस्तक मामांच्याच कपाटात होतं, त्यांनीच पान उघडून दाखवलं होतं. त्या दात्यांनी कुणाचा पासपोर्ट पाहिला नव्हता, असं मी मोठ्यानं म्हटलं. इतिहासाचा इतका सोपा उपयोग करू नये हे मला कळतं. तरी म्हटलं, कारण आदल्या दिवसाचा राग अजून गेला नव्हता.

तिसऱ्या लेण्यातल्या मोठ्या चैत्यात शाळेची सहल आली होती. मुलं खांबांमधून आवाज घुमवत पळत होती. ती स्तूपासमोर गेली, गुडघ्यांवर बसली, कपाळ आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून तीनदा नमस्कार केला आणि पालीत काही म्हणायला लागली. पळणारी दोन मुलं थांबली. मग चार थांबली. एकीनं विचारलं, “ही पूजा खरी चालते का इथं?” “आता चालू आहे,” मी म्हटलं. मुलगी तिच्या शेजारी जाऊन तशीच बसली.

बोरिवली आणि मुलुंड हे या एकाच जंगलाचे दोन काठ आहेत. मधे डोंगर असल्यानं वळसा घालून जावं लागतं. आरे, मग पवई. पवईचा तलाव १८९१ चा, आणि त्याच्या काठी आयआयटी, जिथं सुरुवातीला सोव्हिएत प्राध्यापक आणि यंत्रं आली होती. परक्या मुलखात शिकवायला आलेल्या त्या रशियनांना पवईच्या पावसात काय वाटलं असेल, यावर आम्ही बसमध्ये बराच वेळ बोललो.

मुलुंड पूर्वेला आत्या. दुसरा मजला, दारात तुळस, दाराबाहेर चपलांचा ढीग. आत्यानं पहिल्या भेटीतच तिला “बस गो बाय” म्हणून पाटावर बसवलं होतं आणि तेव्हापासून तिच्याशी रत्नागिरीच्या बोलीतच बोलते. तिला कळतं की नाही याची आत्याला काळजी नाही. कळायला लागतं, असं तिचं म्हणणं. त्या रविवारी सुकट होती. इमारतीत निम्मी बिऱ्हाडं गुजराथी, म्हणून सुकट भाजण्याआधी आत्या स्वयंपाकघराची खिडकी लावते आणि पंखा बंद करते. शेजारची बेन पण काही बोलत नाही. ती फक्त त्या दिवशी ढोकळा द्यायला येत नाही, दुसऱ्या दिवशी येते. मैत्रिणीनं बंद खिडकीत उभं राहून तो वास असा घेतला, की आत्या भाजता भाजता थांबली. “घरची आठवण आली तिला,” आत्या मला म्हणाली, “वाढ आधी.”

जेवताना कळलं की मोहिंगा या तिच्याकडच्या सकाळच्या माशाच्या रश्शात केळीच्या खांबाचा आतला गाभा चिरून घालतात. आत्या उठलीच. गाभ्याची भाजी आमच्याकडे होते, पण मुंबईत तो मागणारं कुणी राहिलं नाही, असं ती म्हणाली. पुढच्या खेपेला बाजारातून गाभा आला, दोघींनी मिळून तो चिरला. चिरताना त्याचे जे तंतू निघतात ते बोटाला गुंडाळून काढायचे असतात. दोघींच्या बोटांनी ते एकाच पद्धतीनं गुंडाळले आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

२८ मार्च २०२५ ला, शुक्रवारी दुपारी, मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. बातम्यांत मठ पडलेले दिसत होते, इरावतीवरचा आवाचा जुना पूल पाण्यात गेलेला दिसत होता, आणि तिच्या घरचा एकही फोन लागत नव्हता. वसतिगृहातल्या मुलींनी तिच्याभोवती रात्र काढली. शनिवारी सकाळी दाराशी आत्या. ती मुलुंड सोडून एकटी फारशी कुठं जात नाही, गोवंडी तर तिला ठाऊकही नव्हती. विचारत विचारत आली होती, हातात पेजेचा डबा. “कपडे घे,” तिला म्हणाली, “हितं बसून फोनाकडं बघू नको. माझ्याकडं बसून बघ.”

निरोप त्या रात्री आला. सगळे जिवंत होते. घराची मागची भिंत पडली होती आणि गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर ताडपत्र्या बांधून राहत होती. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आत्यानं काठी धुतली, साडी नेसवली आणि कडुलिंबाचा डहाळा तिच्या हातात देऊन तिच्याकडून बांधून घेतला. दुपारी मंडालेहून आईचा व्हिडिओ कॉल लागला, तेव्हा आत्यानं फोन स्वतःकडे घेतला आणि मराठीत सांगितलं, की पोरगी जेवते, काळजी करू नका. तिकडून ब्रह्मीत बराच वेळ उत्तर आलं. मैत्रीण मधे भाषांतर करायला लागली तर आत्यानं तिला हातानं गप्प केलं.

खोलीचा शोध तिथंच थांबला. मे महिन्यात आत्यानं सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला. परदेशी व्यक्ती ठेवू नये असा अलिखित रिवाज असल्याचं सेक्रेटरींनी सांगितलं. भाडेकरू म्हणून तर नाहीच. भाडं घेणार नाही, असं आत्या म्हणाली. मग ती कोण म्हणून राहणार, असा प्रश्न आला. आत्या कधी मीटिंगमध्ये बोललेली नव्हती. ती म्हणाली, “आमच्या रत्नागिरीनं त्यांचा राजा तीस वर्षं ठेवला. माझ्याच्यानं एक मुलगी ठेववणार नाही काय?” यावर शेजारची बेन आधी “बरोबर छे” म्हणाली आणि मग बाकीचे.

परदेशी माणूस घरी राहायला आला की चोवीस तासांच्या आत यजमानानं सी-फॉर्म ऑनलाइन भरायचा, असा तेव्हा नियम होता. मरोळच्या मुलाला ज्याचं ओझं वाटलं होतं तोच. मी लॅपटॉप घेऊन बसले, आत्या चष्मा लावून शेजारी, मैत्रीण पासपोर्ट हातात धरून समोर, उजव्या कोपराला डावा हात लावून. नाव, देश, व्हिसा, आधीचा मुक्काम, असं करत आम्ही मुक्काम किती दिवसांचा या रकान्याशी आलो.

“शिक्षण होईपर्यंत, असं लिही,” आत्या म्हणाली.

तिथं आकडा टाकावा लागतो, असं मी सांगितलं.

“मग मोठा टाक.”